खोट्या दागिन्यांची खरी कुळे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी, ऊन चढण्यापूर्वी, जो कोणी फेरफटका मारील त्याला गंजलेली कुलुपे, पितळी अडकित्ते, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि नळाच्या तोट्या यांच्या पसाऱ्यात एखादा तरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असा आढळेल की, ज्यात तुटक्या माळा, जोडीदार हरवलेली कर्णफुले, टाचणी मोडलेले ब्रोच आणि रंग उतरलेल्या बांगड्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. असाच एक डबा काही वर्षांपूर्वी मी विकत घेतला. पैसे हातात घेण्यापूर्वी विक्रेत्याने स्वच्छ सांगून टाकले, "साहेब, सगळा खोटा माल आहे बरं का. मागाहून तक्रार नको." त्याच्या या सचोटीबद्दल मला आजही आदर वाटतो, परंतु त्याने वापरलेला ‘खोटा’ हा शब्द मात्र घरी पोहोचेपर्यंत मनात घोळत राहिला.

सराफाच्या पेढीवरील काळ्याभोर कसोटीला एकच प्रश्न ठाऊक असतो, तो म्हणजे हे सोने आहे की नाही. आणि उत्तर ‘नाही’ असे आले की त्या वस्तूची चौकशी तेथेच संपते, दप्तर बंद होते आणि तिची रवानगी ‘बेंटेक्स’, ‘गिलिटाचे’, ‘नकली’ अशा कुठल्या तरी सरसकट सदराखाली होते. वास्तविक ‘खोटा’ या शब्दाने वस्तू काय नाही एवढेच कळते. ती काय आहे हे कळत नाही. आणि जी वस्तू सोने नाही, हस्तिदंत नाही, मोती नाही, ती कशाची तरी घडलेली असतेच: दुधाची, कापराची, गंधकाने कठीण केलेल्या रबराची, मासळीच्या खवल्यांची किंवा कार्बोलिक आम्लाची. या प्रत्येक द्रव्याला जन्मस्थान आहे, जन्मसाल आहे, आणि ज्याची उणीव भरून काढण्यासाठी ते जन्मास आले असा एक अस्सल पूर्वजही आहे. ती कुळे शोधून काढण्यात मला जो आनंद मिळाला, तो सोन्याच्या शुद्धतेची खातरजमा करण्यात कधी मिळेल असे वाटत नाही.

डबा बहुधा लष्कर भागातील एखाद्या जुन्या बिऱ्हाडातून आलेला असावा. कारण त्यात आपल्याकडच्या घाटाचे काहीच नव्हते. एक काळा लांबट ब्रोच, पिवळसर मण्यांची माळ, तूपकट रंगाची जाड बांगडी, एक पट्ट्याचे बक्कल, मोत्यांचा सर, काही धातूच्या पिना आणि अंबाड्यात खोवायची एक शुभ्र-पिवळी फणी असा ऐवज होता. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आली आणि तिचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला: ज्या पिना फणीला लगटून पडल्या होत्या, तेवढ्याच हिरव्या बुरशीसारख्या थराने खाऊन गेल्या होत्या, आणि डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातील तशाच पिना धडधाकट होत्या.

काळ्या ब्रोचपासून आरंभ करतो, कारण काळ्या रंगाइतका फसवा रंग दुसरा नाही. इंग्लंडात 14 डिसेंबर 1861 रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट निवर्तले, आणि राणीने जे काळे वस्त्र धारण केले ते 1901 साली तिच्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरविले नाही. दरबारात शोक म्हटल्यावर चकाकत्या रत्नांना मज्जाव आला, आणि यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी कड्यांतून निघणाऱ्या ‘जेट’ नामक काळ्या द्रव्याचे भाग्य उजळले. जेट हा दगड नव्हे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात रुतलेल्या, आजच्या ॲरोकेरिया वृक्षांच्या जातकुळीतील झाडांचे ते अश्मीभूत काष्ठ आहे, म्हणजे एका अर्थी कोळशाचेच उच्चकुलीन भावंड. ते वजनाला हलके, स्पर्शाला उबदार आणि कोरावयास मऊ; घासून तकाकी आणली असता मखमलीसारखे गडद दिसते. मागणी अशी वाढली की अस्सल जेट पुरेना, आणि लगोलग त्याच्या प्रतिमा बाजारात आल्या.

त्यांपैकी एक निव्वळ काळी काच, जिला व्यापाऱ्यांनी ‘फ्रेंच जेट’ असे भारदस्त नाव दिले. ती ओळखावयास पारखी लागत नाही. गालाला लावली की गार लागते, हाताला जड भासते, आणि तिच्या धारांवरील टवके शिंपल्यासारखे वळणदार निघतात. मंगळसूत्रातील काळी पोत ज्यांनी हाताळली आहे त्यांच्या बोटांना हा गारवा आधीच ठाऊक असतो, कारण ते मणीही काळ्या काचेचेच. दुसरी प्रतिमा मात्र अधिक कसबी. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापविण्याच्या कृतीचे पेटंट 1844 साली घेतले. गंधकाचे प्रमाण भरपूर वाढविले असता त्याच रबराचा लाकडासारखा कठीण पदार्थ होतो, त्याला व्हल्कनाइट किंवा एबोनाइट म्हणतात. नवेपणी ते जेटइतकेच काळे, तितकेच हलके आणि तितकेच उबदार असते. परंतु उजेड त्याला सोसत नाही. वर्षानुवर्षांच्या प्रकाशाने त्याचा काळेपणा विटून त्यावर मेंदीसारखी तपकिरी-हिरवट छटा चढते. आजोबांचे एबोनाइटचे फाउंटन पेन ज्यांच्या घरी आहे, त्यांनी त्याचे टोपण काढून पाहावे. टोपणाखालचा भाग काळा आणि उघडा भाग मातकट झालेला दिसेल.

माझा ब्रोच मी खिडकीपाशी नेऊन उलटा केला, तेव्हा मागची बाजू काळी आणि दर्शनी पाकळ्यांची टोके तपकिरी आढळली. भिंगातून पाहिले तर पाकळ्यांच्या कडेने केसासारखी एक बारीक रेघ थेट टोकापर्यंत गेलेली होती; ही साच्याच्या दोन भागांची सांध. जेट कोरावे लागते, त्यामुळे त्यात हत्याराच्या धारदार खुणा असतात आणि दोन पाकळ्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. व्हल्कनाइट साच्यात दाबतात, म्हणून त्याच्या सगळ्या पाकळ्या एकमेकींच्या नकला असतात. अखेरीस अंगठ्याने मिनिटभर जोराने चोळून नाकाशी धरला, आणि दिवाळीत फटाका उडून गेल्यावर अंगणात जो वास रेंगाळतो तो, अगदी पुसट, पण नि:संशय, आला. गंधकाची जबानी मिळाल्यावर अधिक पुराव्याची गरज उरली नाही. बिनझिलईच्या चिनी मातीवर रेघ ओढण्याची एक जुनी परीक्षा आहे, जेटची रेघ तपकिरी उमटते. पण व्हल्कनाइटचीही रेघ तपकिरीच येते, सबब त्या एका साक्षीवर निकाल देऊ नये.

पिवळ्या मण्यांची माळ आणि जाड बांगडी यांची कथा एकमेकींत गुंतलेली आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या देशातून जातो. पिवळा, अर्धपारदर्शक, हलका मणी पाहिला की मन प्रथम ‘अंबर’ म्हणते. अंबर म्हणजे बाल्टिक समुद्राकाठी सापडणारी, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची अश्मीभूत राळ. लोकरीवर घासले असता ती गवताची काडी ओढून घेते, म्हणून संस्कृतात तिला तृणमणि म्हटले. फारसीत तिचे नाव कहरुबा, त्याचाही अर्थ काडी ओढून नेणारा असाच. आणि ग्रीकांचा तिच्यासाठी शब्द होता ‘एलेक्ट्रॉन’, ज्यावरून पुढे बहुतेक युरोपीय भाषांतील विजेची नावे सिद्ध झाली. एका गुणावरून तीन प्राचीन संस्कृतींनी तिला ओळखले, परंतु तो गुण आता पुराव्यास पुरेसा नाही, कारण पुष्कळशी प्लास्टिकेही घासली असता कागदाचे कपटे तितक्याच तत्परतेने उचलतात.

अधिक भरवशाची परीक्षा मिठाच्या पाण्याची. पाव लिटर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यात दोऱ्यातून सोडविलेला सुटा मणी टाकावा. अंबराची घनता साधारण 1.05 ते 1.10 असल्यामुळे ते या खारट पाण्यावर तरंगते. काच, बॅकेलाइट, सेल्युलॉइड हे सारे बुडतात. कोपल ही कोवळी राळ आणि पॉलिस्टायरीन हे स्वस्त प्लास्टिक तेवढे अंबराबरोबर तरंगून फसवू शकतात. पैकी कोपलवर स्पिरिटचा थेंब ठेवला तर ती चिकट होते, आणि पॉलिस्टायरीनच्या मण्यावर बहुधा साच्याची सांध सापडते. माझा मणी क्षणभरही न रेंगाळता, संथपणे, पेल्याच्या तळाशी जाऊन बसला. तेव्हा अंबराचा दावा खारीज झाला, आणि मी तूपकट बांगडी हाती घेतली.

बांगडीने मला वाटेवर आणले. ती टेबलावर ठेवताना ठणकन न वाजता ‘टक्’ असा जड, मिटलेला आवाज झाला. हातात तिचे वजन अपेक्षेपेक्षा अधिक होते. आणि नळाच्या कढत पाण्याखाली अर्धा मिनिट धरून हुंगली तेव्हा जुन्या इस्पितळांच्या व्हरांड्यात फरशी पुसल्यावर जो उग्र कार्बोलिकचा वास दरवळत असे, तो आला. हे बॅकेलाइटचे कूळ. मूळचे बेल्जियमचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनज्ञ लिओ बेकलँड यांनी न्यूयॉर्कनजीक याँकर्स येथील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत 1907 साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून हा पदार्थ सिद्ध केला. मी वर ज्या धाग्याचा उल्लेख केला तो येथे आहे: बेकलँड शोधीत होते ते दागिन्यांचे द्रव्य नव्हे, तर लाखेला पर्याय. विजेच्या नव्या यंत्रांच्या तारांना आवरण म्हणून शेलॅक हवी असे, आणि शेलॅक येत असे ती भारतातील पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वस्ती करणाऱ्या लाक्षाकीटकांपासून. एवढ्याशा कीटकांच्या स्रावावर जगाच्या विद्युत्‌‌युगाने अवलंबून राहावे हे परवडेनासे झाले होते. ज्या लाखेने आमच्या बोरमाळेचे पोकळ सुवर्णमणी आतून भरून त्यांना बळकटी आणली, तिचीच उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून ही पाश्चात्त्य बांगडी जन्मली, हे कळल्यापासून ती मला परकी वाटेनाशी झाली.

दागिन्यांसाठी वापरले ते बहुतांशी ओतीव बॅकेलाइट. त्याचे पेटंट 1927 साली संपल्यावर ‘कॅटलिन’ आदी नावांनी इतरांनीही रंगीत फिनॉलिक राळ करावयास आरंभ केला. ती शिशाच्या साच्यांत ओतून नळकांडी काढीत, त्या नळकांड्यांच्या चकत्या म्हणजे बांगड्या, आणि मग कारागीर त्यांवर फुलापानांची नक्षी कोरीत. म्हणून अस्सल बॅकेलाइटवर साच्याची सांध नसते आणि कोरीव कामाच्या खाचांत हत्याराचे ओरखडे असतात. 1930च्या दशकातील मंदीत हिरे-माणके परवडेनाशी झालेल्या अमेरिकन स्त्रियांनी हे दागिने हौसेने वापरले. माझी बांगडी तूपकट दिसते, पण ती घडविली तेव्हा कदाचित दुधासारखी पांढरी असेल. बॅकेलाइटचा पृष्ठभाग हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, त्यामुळे मूळचा पांढरा लोणकढ्या तुपासारखा होतो आणि मूळचा निळा हिरवा दिसू लागतो. धातू उजळण्याच्या मलमाने एका कोपऱ्यात हलकेच चोळले तर कापसावर पिवळा डाग उतरतो. हीही एक मान्य परीक्षा आहे. मण्यांनी कढत पाण्यात तोच वास दिला आणि त्यांचेही कूळ ठरले. जुन्या घरांतील विजेची काळी बटणे तापून जळू लागली म्हणजे येणारा वास ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हा वास नव्याने शिकावा लागणार नाही.

बक्कलाच्या बाबतीत मात्र माझ्या हातून मोठी चूक घडली, आणि ती सांगणे माझे कर्तव्य आहे. कढत पाण्याच्या परीक्षेने मी इतका हुरळून गेलो होतो की, ते गुळगुळीत, शिंगासारख्या रंगाचे सुंदर बक्कल मी पाण्याच्या वाटीत घालून दुसऱ्या कामाला लागलो आणि रात्रभर ते तसेच राहिले. सकाळी ते फुगून वेडेवाकडे झाले होते, आणि वाळल्यावर त्याच्या अंगभर तडे गेले. त्याला फाटलेल्या दुधाचा आणि ओल्या लोकरीचा मिश्र वास येत होता. ते ‘गॅलालिथ’ होते. जर्मनीतील विल्हेल्म क्रिशे आणि ॲडॉल्फ श्पिटेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुधातील केसीन फॉर्माल्डिहाइडने कठीण करून हे द्रव्य तयार केले. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच दुग्धपाषाण. एकेका जाड तक्त्याला पुरता कठीणपणा येण्यासाठी तो कित्येक आठवडे फॉर्माल्डिहाइडच्या द्रावात बुडवून ठेवावा लागे. रंग घेण्याची त्याची शक्ती अलौकिक, तकाकी काचेसारखी. फक्त पाणी हा त्याचा वैरी, कारण अखेर ते दूध आहे आणि दुधाने पाणी कधीच नाकारले नाही. तेव्हापासून अज्ञात वस्तू मी पाण्यात घालीत नाही. ओलसर बोटाने एक कोपरा चोळून वास घेतो, तेवढ्याने काम भागते. तापलेली सुई खुपसून पाहण्याची जी रीत काही पारखी सांगतात, तिला तर माझी सक्त हरकत आहे. ती परीक्षा नव्हे, इजा आहे, आणि पुढे ज्या द्रव्याची हकीकत येणार आहे त्याच्या बाबतीत ती आगीला आमंत्रण ठरते.

मोती आणि धातू यांचा हिशेब लवकर आटोपतो. मोत्याचा मणी दातांच्या कडेवरून अलगद फिरवला तर अस्सल किंवा संवर्धित मोती रेतीसारखा खरखरीत लागतो आणि काचेचा गुळगुळीत लागतो. शिवाय भोकाच्या तोंडाशी भिंग धरले तर नकली मोत्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. त्या थराचे मूळ मात्र मनोरम आहे: सतराव्या शतकात पॅरिसच्या जाकँ नावाच्या जपमाळा बनविणाऱ्या कारागिराने लहान रुपेरी नदीमाशांच्या खवल्यांतील चमक वेगळी काढून ती काचेच्या पोकळ मण्यांच्या आतून चढविली आणि आत मेण भरले. धातूच्या पिनांत एकीच्या पाठीवर ‘स्टर्लिंग’ असा बारीक छाप निघाला, म्हणजे शेकडा साडेब्याण्णव चांदी. दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून अमेरिकेत कथील आदी धातू युद्धकार्यासाठी राखून ठेवल्यामुळे नकली दागिन्यांच्या कारखानदारांना नाइलाजाने चांदी वापरावी लागली, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊन ती स्वस्त मालातच विकली गेली. म्हणजे त्या विक्रेत्याच्या ‘खोट्या’ मालात एक पिन सराफाच्या अर्थानेही खरी होती.

उरली फणी. तिच्यापाशी मी सर्वांत शेवटी आलो, कारण मनात भीती होती. शुभ्र-पिवळी, गुळगुळीत, जडशी. ती हस्तिदंती असती, तर ती परत विकण्याचा विचारही करता आला नसता. वन्यजीव संरक्षणाच्या 1972च्या कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे. कासवाच्या कवचाची आणि इंग्रज अमदानीत सोन्यात मढवून ब्रोच म्हणून मिरविलेल्या वाघनखांचीही तीच गोष्ट. जुन्या डब्यांत या तिन्ही वस्तू अजून सापडतात, म्हणून त्यांची ओळख हौसेपेक्षा कर्तव्याची बाब आहे. हत्तीच्या सुळ्याचा आडवा छेद पाहिला तर त्यात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळसर ठिपके किंवा तुटक रेघोट्या दिसतात, त्या जिवंतपणी रक्तवाहिन्या जाण्याच्या नलिका. माझ्या फणीवर भिंग धरले तर पट्टीने आखल्यासारख्या समांतर, सरळ, अगदी सारख्या अंतरावरच्या रेषा दिसल्या. निसर्ग इतका शिस्तीने रेषा ओढत नाही. मी पाठीचा भाग अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला, आणि देवघरात आरतीनंतर जो सुगंध राहतो तो आला. कापूर.

ते सेल्युलॉइड होते. न्यूयॉर्कच्या एका बिलियर्डच्या व्यापाऱ्याने हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. त्या प्रयत्नात आल्बनीच्या जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र दाबून हे द्रव्य सिद्ध केले आणि 1870 साली त्याचे पेटंट घेतले. त्यात रेषा मुद्दाम उमटवून ते ‘फ्रेंच आयव्हरी’ म्हणून विकीत. फण्या, आरशांच्या मुठी, बांगड्या, ब्रोच यांना त्याने घराघरांत पोहोचविले. मात्र नायट्रोसेल्युलोज हा तोच पदार्थ, ज्यापासून बिनधुराची दारू करतात. ठिणगी लागली की भडकतो, आणि न पेटताही, वयोमानाने, हळूहळू विघटित होऊन नायट्रोजनची आम्लकारी वाफ सोडीत राहतो. बंद डब्यात ती वाफ दमट हवेशी मिळून तिचे तीव्र आम्ल होते आणि शेजारच्या पितळाला खाते. फणीला लगटलेल्या पिना हिरव्या का झाल्या होत्या, हे मला तेव्हा उमगले.

आता ती फणी डब्यात नाही. लेखनाच्या मेजाजवळच्या उघड्या फडताळात, सुती फडक्यावर, बाकीच्या दागिन्यांपासून हातभर दूर, ऊन लागणार नाही अशी ठेवली आहे. तिच्या दोन दातांच्या मुळाशी बारीक चौकटींसारखे तडे पडू लागले आहेत. श्रावणात खिडक्या मिटलेल्या असतात तेव्हा खोलीत शिरताच कापराचा वास येतो, आणि तो वास म्हणजे तिच्यातील कापूर कणाकणाने उडून जात आहे.